उजनी ४९६, जायकवाडी १५२२, कोयना २१६३ : धरणाच्या पातळीचा आकडा वाचायचा कसा?

सोलापूर : पावसाळा तोंडावर आला की जिल्ह्यातल्या जवळपास प्रत्येक गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी उजनीचा मेसेज पडतो. पाणीपातळी इतके मीटर, एकूण साठा इतका टीएमसी, उपयुक्त साठा इतका, टक्केवारी इतकी, दौंडचा विसर्ग इतका. त्याच्या मागोमाग कुणीतरी जायकवाडीचा आणि कोयनेचा आकडा टाकतो. मग वाद सुरू. "त्यांचं धरण १५२२ वर गेलं, आपलं ४९६ वरच अडकलंय," असं एखादा म्हणतो, दुसरा विचारतो, "धरणात ६३ टीएमसी पाणी दाखवतंय आणि टक्केवारी शून्य कशी?"

दोन्ही प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. उसाची लागण करायची का नाही, खोडवा ठेवायचा का मोडायचा, फुगवट्यावरची मोटर कधी खाली सरकवायची, नदीकाठची जनावरं कधी हलवायची, हे सगळं लोक याच आकड्यांवरून ठरवतात. आकडा चुकीचा वाचला तर लाखाचा फटका बसतो. म्हणून त्या मेसेजची एकदा फोड करून घेतलेली बरी.

पातळी म्हणजे खोली नव्हे

उजनीची पूर्ण संचय पातळी ४९६.८३ मीटर आहे. याचा अर्थ धरणात ४९६ मीटर खोल पाणी आहे असा नाही. पाण्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर उंचीवर आहे, एवढंच ते सांगतं. धरणाची भिंतच पायापासून साधारण ५६ मीटर उंच आहे, त्यात ४९६ मीटर पाणी बसणार कुठून?

आता जायकवाडी. पैठणच्या नाथसागराची पूर्ण पातळी १५२२ म्हणून सांगतात, पण ती फुटांत. मीटरमध्ये ती ४६३.९ भरते. उजनीचे ४९६.८३ मीटर फुटांत केले तर १६३० होतात. म्हणजे दोन्ही धरणं भरलेली असताना उजनीचं पाणी नाथसागरापेक्षा तब्बल १०८ फूट उंचावर असतं. ग्रुपवरचा वाद फक्त फूट आणि मीटर यांच्या घोळातून झालेला असतो. कोयनेचा आकडाही फुटांतच येतो. शिवसागर भरला की २१६३ फूट आणि वर सहा इंच, म्हणजे ६५९.४ मीटर. उजनीपेक्षा १६२ मीटर उंच.

हाच घोळ पुढे आंध्र-तेलंगणाच्या धरणांबाबत आणखी वाढतो. तिकडं श्रीशैलम ८८५ आणि नागार्जुनसागर ५९० असे आकडे टीव्हीवर दिसतात. ५९० म्हटल्यावर आपल्याला वाटतं, उजनीपेक्षा उंच. ते फूट आहेत, मीटरमध्ये १८० सुद्धा होत नाहीत. आणि होणारही नाहीत, कारण भीमेचं पाणी कर्नाटकात कृष्णेला मिळून पुढे याच दोन धरणांकडं उतरत जातं. आधी ६५९, ४९६ असे आकडे आणि शेवटी १८०, ही घसरण लक्षात ठेवली की पाणी कुठून कुठं जातं ते नकाशा न बघताही कळतं.

मेसेज फॉरवर्ड करताना आकड्यापुढं 'मीटर' किंवा 'फूट' लिहिण्याची तसदी बहुतेक जण घेत नाहीत. तीन अक्षरांचा आळस, पण निम्मे वाद त्यातूनच होतात.

साठा मोठा, पण हाताशी थोडा

उंचीवरून धरण मोठं की लहान ते ठरत नाही. त्यासाठी टीएमसी बघावा लागतो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये साधारण २,८३१ कोटी लिटर. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसीच्या वर आहे. कोयना १०५.२५ टीएमसी, जायकवाडी १०२.७ टीएमसी. एकूण साठ्यात उजनी या दोघांनाही मागं टाकते. सोलापूरकरांना याचा अभिमान आहे आणि तो खोटा नाही.

पण यात मेख आहे. उजनीच्या ११७ टीएमसीपैकी ६३.६६ टीएमसी मृतसाठा आहे. उपयुक्त साठा फक्त ५३.५७ टीएमसी. कोयनेचा मृतसाठा पाच टीएमसीच्या आसपास, म्हणजे शंभर टीएमसी वापरायला मोकळं. जायकवाडीचा मृतसाठा २६ टीएमसी, उपयुक्त ७६ टीएमसीच्या पुढं. वापरायच्या पाण्यात तिघांत उजनीच धाकटी. घरात धान्याची कणगी सगळ्यात मोठी, पण तिचं तोंड निम्म्यावर, असा हा प्रकार आहे.

असं का केलं असेल, असा प्रश्न नेहमी पडतो. उत्तर पुन्हा उंचीतच आहे. कालव्याचं पाणी मोटरीशिवाय, उताराने वाहून न्यायचं तर कालव्याचं तोंड उंचावर ठेवावं लागतं. भीमेचं पात्र खाली आणि भिजवायची जमीन वर. सोलापूर, पंढरपूर हा मुलूख समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरच्या आसपास. तिथवर शंभरावर किलोमीटर पाणी आपसूक पोहोचायचं असेल तर धरणातलं पाणी त्याहून बरंच उंच हवं. म्हणून उजनीची किमान पातळी ४९१.०३ मीटर धरली आहे. त्याच्या खालचं ते मृत. 'मृत' म्हणजे खराब किंवा नासलेलं नव्हे. सरकारी भाषेत त्याला अचल साठाही म्हणतात.

उणे ६० टक्के म्हणजे काय?

उजनीची टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढतात, एकूण साठ्यावर नाही. पातळी ४९१.०३ ला आली की शून्य टक्के. तेव्हा धरणात ६३.६६ टीएमसी पाणी असतंच. ४९६.८३ ला शंभर टक्के. त्याच्याही वर पाणी अडवलं की ११० टक्के अशी बातमी येते आणि बाहेरगावचे पाहुणे विचारतात, शंभराच्या वर धरण भरतं कसं? १११ टक्के म्हणजे एकूण साठा १२३ टीएमसीवर, पातळी पूर्ण संचय पातळीच्या थोडी वर. बस, एवढंच.

शून्याच्या खाली गेलं की उणे. उजनीच्या बाबतीत एक टक्का म्हणजे अर्ध्या टीएमसीहून किंचित जास्त, ०.५३६ टीएमसी. हा एक आकडा पाठ करून ठेवावा. उणे २० टक्के असेल तर मृतसाठ्यातलं पावणेअकरा टीएमसी गेलं. उणे ६० असेल तर ३२ टीएमसी गेलं आणि साडेएकतीस उरलं. त्या उरलेल्यात गाळही धरलेला असतो, त्यामुळे हाताला लागणारं पाणी कागदापेक्षा कमीच.

उजनीचा मृतसाठा उपयुक्त साठ्यापेक्षा मोठा असल्याने हिशेबाने ती उणे ११८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. जायकवाडी कितीही आटली तरी उणे ३४ च्या खाली जायला जागाच नाही. त्यामुळे 'जायकवाडी उणे १०, उजनी उणे ४०, म्हणजे आपली अवस्था चौपट वाईट' असं म्हणण्यात अर्थ नाही. उणे ४० ला उजनीत अजून ४२ टीएमसी असतं. उणे १० ला जायकवाडीत साधारण १८. दोन धरणांची टक्केवारी समोरासमोर ठेवायची असेल तर आधी तिचे टीएमसी करावे, मग बोलावं. शिवाय काही धरणांची टक्केवारी एकूण साठ्यावर सांगितली जाते, काहींची उपयुक्त साठ्यावर. कोयनेच्या बातम्यांत हे दोन्ही प्रकार दिसतात. तिथं मृतसाठाच किरकोळ असल्याने फरक पडत नाही. उजनीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो. भर उन्हाळ्यात शून्य टक्के असलेली उजनी एकूण साठ्यावर मोजली तर ५४ टक्के भरलेली दिसेल.

२०२३ चा पावसाळा उजनीला दगा देऊन गेला. धरण साठ टक्क्यांच्या आसपासच थांबलं, जानेवारी २०२४ मध्येच उणे झालं आणि जूनपर्यंत उणे ६० च्या घरात गेलं. पाणी हटलं तसं इंदापूर तालुक्यातलं पळसदेवचं जुनं पळसनाथ मंदिर उघडं पडलं, बघायला रीघ लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण शंभर टक्के भरलं. उणे ६० ते शंभर म्हणजे १६० टक्के, हिशेबाने ८५ टीएमसीहून जास्त पाणी दोन-अडीच महिन्यांत आलं. 'उजनी यंदा भरत नाही' असं जुलैत छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हा आकडा आठवावा.

वरचा मीटर जड, खालचा हलका

पातळीचे मीटर सगळे सारखे नसतात. धरण हे टाकीसारखं उभ्या भिंतींचं नसतं, परातीसारखं पसरट असतं. खाली तळ अरुंद, वर काठ रुंद. ४९१.०३ ते ४९६.८३ हे अंतर अवघं ५.८ मीटर, म्हणजे १९ फूट. एवढ्या १९ फुटांत उजनीचं सगळं ५३.५७ टीएमसी उपयुक्त पाणी बसतं. सरासरी काढली तर मीटरमागं सव्वानऊ टीएमसी. वरच्या टोकाला त्याहून जास्त, खालच्या टोकाला त्याहून कमी.

कोयनेशी तुलना केली की गंमत कळते. कोयना डोंगराच्या खोल दरीत आहे. भरल्यावर तिचा पसारा साधारण ११५ चौरस किलोमीटर. तिथं वरचा एक मीटर म्हणजे चार टीएमसी. उजनीची पातळी एक मीटर वाढली म्हणजे कोयना दोन मीटरहून जास्त वाढल्यासारखं. नाथसागर तर आणखी पसरट, भरल्यावर साडेतीनशे चौरस किलोमीटर. तिथला वरचा एक फूट पावणेचार टीएमसीचा. म्हणून 'कोयना आज पाच फुटांनी वाढली, उजनी अर्ध्याच मीटरनी' यावरून कोयनेकडं जास्त पाणी आलं असं समजू नये. हिशेब केला तर उलटही निघेल.

पसरट धरणाचा तोटाही आहे. ऊन पाण्याच्या पृष्ठभागावर काम करतं. उजनीची पातळी नुसत्या उन्हाने एक सेंटिमीटर उतरली तर अडीचशे कोटी लिटरहून जास्त पाणी हवेत गेलं. कोयनेत तेवढ्याच एका सेंटिमीटरला त्याच्या निम्म्याहून कमी जातं.

फुगवट्यावरच्या शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही, तो ते दरवर्षी पायांनी मोजतो. करमाळा, माढा, इंदापूर, दौंड, कर्जत या बाजूला काठ सपाट आहे. शंभर फुटाला एक फूट उतार धरला तर पाणी एक फूट उतरलं की काठ शंभर फूट मागं जातो. शंभर टक्क्यांवरून शून्यावर येईपर्यंत १९ फूट उतार, म्हणजे काठ १९०० फूट लांब. वीस फुटी पाइप धरले तर ९५ पाइप, शिवाय तेवढी केबल, आणि मोटर चिखलातून ओढत न्यायची ती वेगळीच. त्यामुळे फुगवट्यावरच्या माणसाने टक्केवारीपेक्षा मीटरकडं बघावं आणि कालव्याखालच्या माणसाने मीटरपेक्षा टीएमसीकडं. एकच धरण, पण दोघांचा आकडा वेगळा.

क्युसेकचं टीएमसी करायचं गणित

मेसेजमध्ये शेवटी 'दौंड विसर्ग' आणि 'सांडवा', 'कालवा', 'बोगदा' असे क्युसेकमधले आकडे असतात. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८ लिटरच्या थोडं वर. याचं सोपं गणित असं : ११,५७४ क्युसेक पाणी चोवीस तास वाहिलं की एक टीएमसी होतं. सोयीसाठी साडेअकरा हजार धरा.

समजा दौंडला ५० हजार क्युसेक चालू आहे आणि तो दिवसभर टिकला. ४.३ टीएमसी आलं, म्हणजे उजनी आठ टक्क्यांनी वाढणार. पण 'दिवसभर टिकला तर' हे महत्त्वाचं. सकाळी ५० हजार आणि रात्री १५ हजार झाला तर सगळं गणित कोसळतं. लोक सकाळचा आकडा धरून संध्याकाळपर्यंत पेढे वाटायच्या तयारीत असतात.

उलट बाजूही बघा. मुख्य कालव्याला ३ हजार क्युसेकने महिनाभर आवर्तन दिलं तर पावणेआठ टीएमसी, म्हणजे साडेचौदा टक्के गेलं. नदीत ६ हजार क्युसेक दहा दिवस सोडलं तर ५.२ टीएमसी, जवळपास दहा टक्के. सोलापूर शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी नदीत पाणी सोडून ते औज, चिंचपूरच्या बंधाऱ्यांत अडवण्याची पद्धत चालत आली आहे. आता यासमोर शहराच्या समांतर जलवाहिनीचा आकडा ठेवा. तिची क्षमता दिवसाला १७ कोटी लिटर. वर्षभर पूर्ण क्षमतेने चालली तरी २.२ टीएमसी लागतं. नदीच्या एका आवर्तनात त्याच्या दुपटीहून जास्त पाणी जातं. अर्थात नदीत सोडलेलं पाणी नुसतं वाया जातं असं म्हणणं नदीकाठच्या शेतकऱ्यावर अन्याय होईल. त्याच्या मोटरी, त्याच्या गावची नळयोजना त्याच पाण्यावर आहे. पण 'शहराने धरण संपवलं' हे वाक्य बोलण्याआधी एवढा हिशेब समोर असावा.

पूर येणार का, हे कोणत्या धरणावरून बघायचं?

इथं उंचीची तुलना सगळ्यात जास्त कामाला येते आणि इथंच सगळ्यात जास्त चूक होते. धरण उंच आहे म्हणून त्याचं पाणी आपल्याकडं येतं असं नसतं. ते आपल्या नदीवर, आपल्या वरच्या अंगाला असावं लागतं.

खडकवासला ५८२.४७ मीटरवर आहे, उजनीपेक्षा ८५ मीटर उंच. तिथून सोडलेलं पाणी मुठेतून, मुळा-मुठेतून भीमेला मिळून दौंडवरून उजनीत येतं. म्हणून पुण्यात पाऊस झाला की माढ्याच्या माणसाला हुरूप येतो. वीर धरण ५७९.८५ मीटरवर, म्हणजे खडकवासल्याच्या जवळपास बरोबरीनेच. पण वीर नीरा नदीवर आहे आणि नीरा भीमेला मिळते ती नीरा नरसिंहपूरला, उजनीच्या खाली. वीरचं एक थेंब पाणी नदीने उजनीत येत नाही. ते थेट पंढरपूरकडं जातं.

म्हणून पंढरपूर, माळशिरस, मंगळवेढा, मोहोळ या भागातल्या भीमाकाठच्या माणसाने नुसता उजनीचा मेसेज बघून निवांत झोपू नये. उजनी ७० टक्क्यांवर असेल, तिचा सांडवा बंद असेल, तरी वीरमधून मोठा विसर्ग सुरू झाला तर चंद्रभागेला पाणी चढतं. वीरची क्षमता दहा टीएमसीच्या आतली, त्यामुळे ते भरलं की भाटघर, नीरा देवघरकडून येईल ते पाणी साठवायला जागाच उरत नाही, आलं तसं खाली सोडावं लागतं. लहान धरणाची धास्ती मोठ्या धरणापेक्षा जास्त घ्यावी, ती यासाठी. आणि उजनी व वीर दोन्हीकडून एकाच वेळी विसर्ग असेल तर दोन्ही आकड्यांची बेरीज करावी.

सीनाकाठचा हिशेब आणखी वेगळा. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला, माढा, करमाळा, मोहोळ, उत्तर सोलापूरमधली गावं पाण्यात गेली. ते पाणी वरून अहिल्यानगर आणि धाराशिवच्या बाजूने, सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी या प्रकल्पांतून उतरलं होतं. उजनीच्या मेसेजमध्ये त्या पाण्याचा पत्ता लागणं शक्यच नव्हतं. सीनाकाठच्या गावांच्या ग्रुपवर उजनीपेक्षा सीना-कोळेगावचा आकडा आधी यायला हवा, पण अजूनही सवय उजनीचीच आहे.

अलमट्टीचंही तसंच. तिची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर, म्हणजे उजनीपेक्षा पावणेतेवीस मीटर जास्त. 'अलमट्टी आपल्यापेक्षा उंच, ती भरली की पाणी उजनीकडं दाबतं' असं बोलणारे भेटतात. अलमट्टी कृष्णेवर आहे आणि भीमा कृष्णेला मिळते ती अलमट्टीच्या आणि नारायणपूरच्याही बरीच पुढं. अलमट्टीच्या फुगवट्याचा वाद आहे तो सांगली-कोल्हापूरचा, आणि ती उंची ५२४ मीटरवर नेण्याला तिकडून विरोध आहे तोही त्याचसाठी. सोलापूरच्या भीमेशी त्याचा संबंध नाही.

सांगलीच्या आयर्विन पुलाचे ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, किंवा कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याचे ३९ आणि ४३ फूट, हे आकडे तर समुद्रसपाटीपासूनचे नाहीतच. ते त्या ठिकाणच्या मोजपट्टीच्या शून्यापासूनचे. गावच्या पाझर तलावाच्या सांडव्यावर रंगवलेली पट्टीही तशीच. तिच्यावर १२ दिसलं म्हणजे त्या पट्टीच्या शून्यावर १२. शेजारच्या गावच्या तलावावर १५ असेल तर तिथं जास्त पाणी आहे असं नव्हे. तिथली पट्टी कदाचित खोल रोवली असेल.

उंची आडवी आली की पाणी उचलावं लागतं

उजनीच्या भोवतालीच अशी गावं आहेत की धरण दारात आणि शेत कोरडं. कारण शेत धरणापेक्षा उंच. दहिगाव उपसा, सीना-माढा उपसा या योजना त्यासाठीच झाल्या. सोलापूरजवळच्या हिप्परगा, म्हणजे एकरूख तलावाची गोष्टही तीच. इंग्रजांच्या काळातला, दीडशे वर्षांपूर्वीचा हा तलाव स्वतःच्या पाणलोटावर अनेकदा रिकामा राहतो. त्यात उजनीचं पाणी कालव्याने आणायचं आणि पुढं दक्षिण सोलापूर, अक्कलकोटकडं उचलून न्यायचं, अशी एकरूख उपसा योजना. अशा योजनेत पाणी किती, याच्या बरोबरीने ते किती मीटर उचलायचं याला महत्त्व येतं, कारण प्रत्येक मीटरचं वीजबिल येतं. योजना पूर्ण होऊनही मोटरी बंद का, याचं उत्तर पुष्कळदा धरणात नसतं, बिलात असतं.

आणि धरणाची पातळी खाली गेली की उचलायची उंची तेवढीच वाढते. शंभर टक्क्यांवर असलेल्या धरणातून आणि शून्य टक्क्यांवरच्या धरणातून तेच पाणी, त्याच शेतात न्यायला १९ फूट जास्त चढवावं लागतं. पाच एचपीची मोटर ऑक्टोबरात जेवढं पाणी टाकते तेवढं एप्रिलमध्ये टाकत नाही. मोटर भरून घेण्याआधी एकदा त्या दिवशीची उजनीची पातळी बघून घ्यावी.